श्रीलंकेच्या सफारीची जुळवाजुळव

श्रीलंकेला जायचं म्हटलं की आपल्याकडच्या टूरवाल्यांकडून जो कागद हातात येतो, तो साधारण ठरलेला असतो. कँडीचं दंतमंदिर, पिन्नवलाचे हत्ती, नुवारा एलियाचा चहा, अशोकवाटिका, बेंटोटाचा किनारा. त्यात मध्येच कुठेतरी 'याला येथे जीप सफारी' एवढी एक ओळ. (याला हे तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचं नाव.) म्हणजे दुपारी आत, सहाला बाहेर, रात्रीचं जेवण हॉटेलात. आम्हाला याच्या उलट हवं होतं. प्रवास जंगलासाठीच करायचा, बाकीचं वाटेत येईल तेवढं बघायचं.

आम्ही म्हणजे मी, नवरा, ताई आणि भाऊजी. ताडोबा, पेंच, कान्हा चौघांनीही केलेलं. भाऊजी बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून म्हणत होते की एकदा बाहेरच्या देशातलं जंगल बघू आणि या वेळी हात आखडायचा नाही. केनियाचे आकडे आले तेव्हा 'हात आखडायचा नाही' याचा अर्थ जरा बदलला. मग मी श्रीलंका सुचवली. मुंबईहून कोलंबो अडीच तासांचं विमान, घड्याळाची वेळसुद्धा आपलीच.

"वाघ आहे का तिथे?" भाऊजींचा पहिला प्रश्न.

"नाही. सिंहही नाही."

"मग अगं, बघायचं काय?"

वाघ नाही हीच तर तिथली गंमत. आपल्याकडे वाघाच्या जंगलात बिबट्या दबकून राहतो. कडेकडेनं फिरतो, दिसला न दिसला की झाडीत. श्रीलंकेत त्याच्या डोक्यावर कुणी नाही. तिथला बिबट्या ही वेगळी उपजात आहे, पँथेरा पार्डस कोटिया. जंगलाचा राजा तोच असल्यामुळे तो उघड्यावर वावरतो, खडकावर ऊन खात पडतो, रस्त्याच्या मधोमध चालतो. याला उद्यानाच्या ब्लॉक १ या भागात तर बिबट्यांची घनता जगातल्या सर्वात जास्त घनतांपैकी एक मानली जाते. शिवाय अस्वल, हत्ती, मगरी आणि पाणथळीचे पक्षी. भाऊजींना मी खडकावर पसरलेल्या बिबट्यांचे फोटो पाठवत राहिले. चारेक फोटोंनंतर 'ओके' आलं, मग कोणती लेन्स घ्यावी याची चौकशी सुरू झाली.

खरा घोळ होता तो कधी जायचं याचा. बेट आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढं, पण त्याला पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल, डोंगरभाग भिजवतो, तेव्हा उत्तर आणि पूर्व कोरडीठाक असते. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस, तेव्हा उत्तर-पूर्वेचे तलाव भरतात. म्हणजे 'श्रीलंकेला जायचा चांगला महिना कोणता' या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठे आणि कशासाठी जायचं ते आधी सांगावं लागतं. निळे देवमासे बघायचे तर दक्षिणेला मिरिस्साला डिसेंबर ते एप्रिल. तेच उन्हाळ्यात बघायचे तर पूर्वेला त्रिंकोमाली. हत्तींचा मेळा बघायचा तर मिन्नेरिया, जुलै ते ऑक्टोबर. अस्वलं जून-जुलैत, कारण तेव्हा पालूची फळं पिकतात. पालू म्हणजे आपली खिरणी. दिवाळीची सुट्टी, जी टूरवाल्यांना सगळ्यात आवडते, ती सफारीच्या दृष्टीने सगळ्यात अडचणीची. यालाचा ब्लॉक १ कोरड्या दिवसांत साधारण १ सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात, आणि उघडल्यावर थोड्याच दिवसांत पावसाची सर सुरू होते.

आम्ही जुलैची सुरुवात धरली. अस्वलांचा शेवट आणि हत्तींची सुरुवात, दोन्हींच्या मधली फट. देवमाशांवर पाणी सोडलं. आपल्याकडे धो धो पाऊस असताना तिकडे धूळ खायला जायचं, हे ताईला विचित्र वाटलं. "छत्री घेऊ की टोपी?" तिने विचारलं. मी म्हटलं, विमानतळापर्यंत छत्री.

महिना ठरला तरी तारखा ठरायच्या होत्या. तिथे दर पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते. सगळा देश बाहेर पडतो आणि त्यातले बरेच जण यालाला जातात. त्या दिवशी दारूची विक्रीही बंद असते. भाऊजींनी पहिल्यापेक्षा दुसरी माहिती वहीत टिपून घेतली. त्यात जुलैच्या आसपास कतरगामाचा उत्सव असतो. कतरगामा म्हणजे स्कंदाचं क्षेत्र, यालाला लागून. हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळे येतात. उत्तरेच्या जाफन्यापासून तमिळ भाविक पायी निघतात आणि शेवटचे टप्पे कुमना आणि यालाच्या जंगलातून चालत पार करतात. आपली वारीच म्हणा ना, फक्त वाटेत हत्ती. बघायला फार आवडलं असतं, पण त्या दिवसांत यालाजवळच्या तिस्समहारामा, म्हणजे तिस्सा गावात खोली मिळणं मुश्कील. म्हणून यालाचे दिवस पोया, उत्सव आणि शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधे बसवले आणि बाकीचा प्रवास त्याच्या मागे-पुढे रचला. उलट क्रमाने करायला गेलो असतो तर काही जमलं नसतं.

आता पैशांचं. चैनीचे म्हणतात तसे तंबू आणि लॉज तिथे रात्रीला दोघांमागे तीनशे-चारशे डॉलरपासून सुरू होतात आणि हजाराच्या पुढे जातात. माझ्या नवऱ्याने एक्सेलमध्ये सगळ्यांचे दर मांडले आणि विचारलं, "एवढ्या फरकाने मिळतं काय?" फार रास्त प्रश्न होता. खासगी प्लंज पूल, तांब्याचा बाथटब, समुद्राकडे तोंड करून जेवणाचं टेबल. हे सगळं छानच असतं. पण पार्कचं गेट सकाळी सहाला उघडतं आणि तेव्हा हजार डॉलरवाल्याची जीप आणि तिस्साच्या साध्या गेस्टहाउसमधल्या पोराची जीप एकाच रांगेत असतात. बिबट्याला दर माहीत नसतो.

मग आम्ही यादीच बदलली. टबाला काट मारली आणि पैसे कशासाठी मोजायचे ते ठरवलं. पहिलं म्हणजे नॅचरलिस्ट. ड्रायव्हर वेगळा आणि जनावर ओळखणारा, आवाज ओळखणारा माणूस वेगळा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही कामं एकच माणूस करतो, आणि त्याचं अर्धं लक्ष मोबाइलवर असतं, कारण बिबट्या दिसल्याचा निरोप फोनवरूनच फिरतो. दुसरं, जीप फक्त आम्हा चौघांची, म्हणजे प्रत्येकाला कडेची जागा. तिसरं, पूर्ण दिवसाची सफारी, निदान काही दिवस. चौथं, एकेका ठिकाणी जास्त रात्री. यादीत पाचवं काही नव्हतं, पण ताईने लिहायला लावलं: स्वच्छ बाथरूम.

पहिल्या एजंटला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, एवढे दिवस नुसतं जंगल? लोक कंटाळतात." त्याला नमस्कार केला. शेवटी श्रीलंकेतल्याच एका छोट्या कंपनीशी ईमेलवर जुळवलं. तिथला माणूस उत्तराला दोन दिवस लावायचा, पण उत्तर पूर्ण यायचं. मी विचारलं ते असं: जीपमध्ये कोण कोण असेल? नॅचरलिस्ट तुमचा की गेटवर मिळेल तो? पार्कचं प्रवेशशुल्क, गाडीचं शुल्क, सर्व्हिस चार्ज, त्यावरचा कर, हे सगळं दरात धरलंय का? (तिथलं तिकीट असं तुकड्या-तुकड्यांनी बनतं, आणि शेवटची बेरीज पहिल्या आकड्यापेक्षा बरीच मोठी निघते.) दराच्या पुढे अधिकची दोन चिन्हं दिसली तर सरळ समजायचं की १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि १८ टक्के व्हॅट अजून यायचाय. गाडीच्या ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाचं कोण बघणार? सगळ्या लॉजवर ड्रायव्हरसाठी खोली असतेच असं नाही, आणि दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाने रात्री गाडीतच झोपावं हे आम्हाला कुणालाच चालणार नव्हतं.

आणि ताईसाठी, उम्बलकड. हा प्रश्न विचारल्यावर त्या माणसाने बहुतेक माझ्याकडे आदराने बघितलं असेल. श्रीलंकेत शाकाहारी जेवण भरपूर मिळतं. परिप्पू म्हणजे डाळ, फणसाची भाजी, पालेभाजीचं मल्लुम, ओलं खोबरं घातलेला पोल संबोल. पण यातल्या कशातही सुकवलेल्या माशाचा चुरा असू शकतो, चवीपुरता, आणि वाढणाऱ्याच्या लेखी तो पदार्थ शाकाहारीच असतो. तो चुरा म्हणजे उम्बलकड. नुसतं 'व्हेज' लिहून भागत नाही, 'उम्बलकड नको' असंच सांगावं लागतं. प्रत्येक लॉजला ते लेखी गेलं. ताई तिकडे असताना इतकं संबोल खाऊन आली की आता घरी रोज नारळ फुटतोय.

व्हिसाचं एका ओळीत सांगते. नियम गेल्या काही वर्षांत इतक्यांदा बदललेत की मित्राचा अनुभव धरून चालू नये. सरकारी ईटीए (ऑनलाइन प्रवास परवाना) साइट बघावी आणि तीच बघावी, कारण हुबेहूब दिसणाऱ्या, जास्त पैसे घेणाऱ्या साइट पुष्कळ आहेत. मलेरियाच्या गोळ्या लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर केली. डेंग्यू मात्र आहे, तेव्हा ओडोमॉस भरपूर.

वाट अशी ठरली: कटुनायकेच्या विमानतळावरून थेट विलपत्तू, मग हबरणा, मग याला, आणि हंबनटोटाकडून एक्सप्रेसवेने परत. कँडी नाही, नुवारा एलिया नाही. सासूबाईंना अशोकवाटिका वगळल्याचं कळलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती.

विलपत्तू हा माझा हट्ट. याला आणि विलपत्तू दोन्ही राष्ट्रीय उद्यानं १९३८ सालची, आणि विलपत्तू त्यात मोठं, १,३०० चौरस किलोमीटरच्या वर. पण तिथल्या यादवी युद्धाच्या काळात ते बरीच वर्षं बंद होतं, २०१० मध्ये पुन्हा उघडलं, त्यामुळे टूरच्या कागदावर अजून फारसं आलेलं नाही. दाट झाडी, लाल मातीचे रस्ते, आणि मधूनच एकदम उघडणारी उथळ नैसर्गिक तळी, ज्यांना विल्लू म्हणतात. आमचा तंबू बफरमध्ये, म्हणजे उद्यानाच्या कडेच्या पट्ट्यात होता. कॅनव्हासच्या भिंती, आत खरोखरचा पलंग, मागे उघड्या आकाशाखाली न्हाणीघर. कुंपण नव्हतं. रात्री जेवायला जायचं तर शिट्टी वाजवायची, मग विजेरी घेऊन माणूस यायचा आणि पुढे चालायचा. पहिल्या रात्री हत्ती येऊन गेला असं सकाळी लेंडावरून कळलं. ताई म्हणाली, "बरं झालं, सकाळी कळलं ते."

अस्वल बघितलं तेही इथेच. नॅचरलिस्टने जीप थांबवली आणि वर बोट केलं. पालूच्या झाडात, आपल्या दुसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर, काळा गोळा. आधी फक्त फांद्यांची खसखस. मग डोळे सरावले तेव्हा दिसलं की तो फांदी दोन्ही पंजांनी स्वतःकडे ओढतोय, ओठ पुढे काढून पिवळी फळं ओरबाडतोय, आणि फांदी सोडून देतोय. प्रत्येक वेळी फळं आणि पानं खाली पडायची. खाली चितळांचा कळप अगदी निवांत, वरून काय पडेल ते खात. अस्वलाच्या अंगाला येणारा उग्र वास आमच्यापर्यंत येत होता. शेवटी ते उतरलं, मागचे पाय आधी, नखं सालीवर खरडत, आणि जमिनीवर टेकल्यावर आमच्याकडे ढुंकूनही न बघता झाडीत गेलं. तोवर चितळं पांगली होती. दुसरी एकही जीप आली नाही. नॅचरलिस्टच्या जागी गेटवरचा कुणी असता तर त्या खसखशीवर कुणी थांबलं असतं का, कोण जाणे.

हबरणाला आल्यावर आम्ही एक गोष्ट त्या ईमेलवाल्याच्या सांगण्यावरून मोकळी ठेवली होती: कोणत्या पार्कात जायचं ते. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला. कोरड्या दिवसांत पाणी मागे हटतं, मोकळ्या झालेल्या काठावर कोवळं गवत येतं आणि आसपासचे हत्ती तिथे जमतात. पण पाणी किती हटलंय त्यावर हे सगळं अवलंबून. तलावात वरून पाणी सोडलं तर गवत बुडतं आणि हत्ती शेजारच्या कौडुल्लाकडे वळतात. तेव्हा बुकिंगमध्ये एकाच पार्कचं नाव पक्कं करून घेऊ नये, दुपारी जीपवाला सांगेल तिकडे जावं. आम्ही पहिल्या दिवशी कौडुल्लाला गेलो, दुसऱ्या दिवशी मिन्नेरियाला. सुळेवाले हत्ती फार थोडे. तिथल्या नरांतल्या शंभरातल्या जेमतेम सात-आठांना सुळे असतात. त्यामुळे एखादा दिसला की जीपवालेसुद्धा फोन बाहेर काढतात. हबरणाला हत्तीवर बसवून फिरवतात, तेवढं मात्र आम्ही आधीच नको म्हणून लिहिलं होतं. याच हबरणाजवळ २०२५ च्या फेब्रुवारीत प्रवासी रेल्वेगाडीची धडक बसून सहा हत्ती मेले. ड्रायव्हरने जाता जाता रुळांकडे बोट केलं आणि पुढे बराच वेळ काही बोलला नाही.

हबरणाहून यालाचा रस्ता दिवसभराचा. शेवटचा बुत्तल ते कतरगामा पट्टा जंगलातून जातो आणि तिथे हत्ती रस्त्यात उभे राहतात. भाविकांनी वर्षानुवर्षं फळं देऊन लावलेली सवय. एकाने आमची गाडी अडवली. ड्रायव्हर म्हणाला, काचा वर, केळी सीटखाली. हत्तीने सोंड बोनेटवर ठेवली, काचेवर ओलसर रेघ ओढली, आणि मागून बस आली तशी तिकडे गेला. बसमधून कुणीतरी कलिंगड दिलं.

यालामध्ये गर्दीबद्दल जे ऐकलं होतं ते सगळं खरं निघालं, आडवार असूनसुद्धा. ताडोबात गेटागणिक गाड्यांचा कोटा असतो, ऑनलाइन बुकिंग मिळवताना जीव जातो, पण आत गेल्यावर त्या कोट्याची किंमत कळते. इथे बिबट्याचा फोन आला की धुळीचे लोट. पहिल्या संध्याकाळी नॅचरलिस्टने विचारलं, "रांगेत जायचं की तलावावर थांबायचं?" भाऊजी म्हणाले, रांगेत. तिथे पुढच्या जीपच्या छपरामधून आम्हाला एक शेपूट दिसलं. दुसऱ्या दिवसापासून भाऊजींनी मत मांडायचं सोडलं.

त्यानंतर आम्ही मुख्य पलटुपानाच्या गेटऐवजी कटगामुवाच्या गेटने आत जायला लागलो. हे आधीच ठरलेलं होतं, लॉज निवडताना गेट किती जवळ ते बघितलंच होतं. तिसऱ्या वळणावर वानरांचा खाकरल्यासारखा ओरडा सुरू झाला. इंजिन बंद. बिबट्या झाडीतून सरळ रस्त्यावर आला आणि आमच्या पुढे चालायला लागला, घाई अजिबात नाही. शेपटीचं टोक वर वळवलेलं, त्याची पांढरी बाजू दिसत होती. गालावर जुना ओरखडा. एका झुडपाला पाठ लावून त्याने मुताची धार मारली, मागे वळून आमच्याकडे बघितलं, जांभई दिली. भाऊजींच्या कॅमेऱ्याचा आवाज मला ऐकू येत नव्हता म्हणून बघितलं, तर कॅमेरा त्यांच्या मांडीवर होता.

पूर्ण दिवस आत काढताना दुपारी जीपमधून खाली उतरायला मोजक्या ठिकाणी परवानगी असते. यालात पतनंगलाचा किनारा त्यांपैकी एक. तिथे २००४ च्या त्सुनामीत गेलेल्यांचं स्मारक आहे. डबा आम्ही तिथून जरा लांब बसून खाल्ला.

हिशोब केला तेव्हा नॅचरलिस्ट, खासगी जीप आणि पार्कची शुल्कं मिळून राहण्याच्या खर्चाच्या जवळ गेली होती. नवऱ्याच्या एक्सेलला हे आधीच माहीत होतं. पॅकेज श्रीलंकेतूनच घेतलं असलं तरी पैसे इथून पाठवताना पॅन, बँकेचे फॉर्म वगैरे होतंच. भारतातल्या एजंटकडून घेतलं तर टीसीएस, म्हणजे विकतानाच घेतला जाणारा आयकर, आधी कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात, हे धरून चालावं. टिपेचं आधीच विचारून ठेवावं आणि नॅचरलिस्टबरोबर गेटवरच्या ट्रॅकरलाही वेगळी द्यावी. धुळीसाठी कॅमेऱ्याला साधी उशीची खोळ पुरते. ड्रोन नेऊ नये.

परतीच्या वाटेवर तिस्साला रस्त्याकडेला म्हशीच्या दह्याची मडकी टांगलेली असतात. सोबत कितुलची काकवी, म्हणजे आपल्या भेरली माडाच्या नीरेची. ताईने एक मडकं संपवलं आणि सिंहराजाच्या जंगलाबद्दल विचारायला लागली. ते पावसाळी जंगल, पायीच फिरायचं, जळवा भरपूर, आणि त्याचा महिना पुन्हा वेगळा. भाऊजी म्हणाले, "जळवांचे मोजे मिळतात ना गं कुठे? तेवढे या वेळी मी बुक करतो."